रॉकेट हॅक होईल का ते राहू द्या, खालच्या डिशचं बोला

पाटणादेवी_७ (धागाकर्ता)

२३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिनाचं निमित्त साधून आमच्या कॉलेजात व्याख्यान झालं. (जळगाव जिल्हा. कॉलेजचं नाव सांगत नाही, अजून काही वर्षं नोकरी करायची आहे.) वक्त्यानं पडद्यावर एक चित्रफीत दाखवली. काळी टोपी घातलेला माणूस कीबोर्ड बडवतो आणि रॉकेट आकाशात वळून माघारी येतं. पोरांनी टाळ्या पिटल्या. एका पालकांनी विचारलं, "मग आपलं गगनयानसुद्धा कोणी असं वळवेल का?" वक्ता म्हणाला, "का नाही?" आणि पुढची स्लाइड.

तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून हा धागा.

उडणारं रॉकेट काही आपल्या घरचं वायफाय नव्हे, की शेजारचा पोरगा घुसला. आजवर नोंदलेले जे मोठे प्रकार आहेत ते बघा. २४ फेब्रुवारी २०२२, रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरायच्या तासभर आधी व्हायासॅट कंपनीच्या के-ए-सॅट उपग्रहावरचं इंटरनेट युरोपात जागोजागी बंद पडलं. उपग्रहाला कोणी हातही लावला नव्हता. जमिनीवरच्या व्यवस्थापनाच्या जाळ्यात एका व्हीपीएनची (दूरून जाळ्यात शिरायच्या खाजगी वाटेची) सेटिंग चुकलेली होती. तिथून शिरलेल्यांनी हजारो मोडेमना एकदम कमांड पाठवली आणि त्यांची मेमरी पुसून टाकली. पुढे जवळपास ३० हजार नवे मोडेम पाठवावे लागले. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर ठणठणीत, खाली लोकांच्या घरात डब्बे.

दुसरं, नासाची जेपीएल ही प्रयोगशाळा. २०१८ मध्ये तिथं कोणीतरी परवानगी न घेता जाळ्याला जोडून ठेवलेल्या एका रास्पबेरी पायमधून चोर आत आला, दहाएक महिने कोणाच्या लक्षातच आलं नाही, आणि ५०० एमबीच्या आसपास माहिती गेली. रास्पबेरी पाय म्हणजे आमच्या लॅबच्या कपाटात धूळ खात पडलेले असतात, तेच तळहाताएवढे संगणकाचे बोर्ड. ह्यूस्टनच्या जॉन्सन केंद्रानं, जिथून माणसांच्या मोहिमा चालतात, तेव्हा जेपीएलकडून येणारी वाटच बंद केली.

तर माझं म्हणणं असं. आपल्याकडे आता खाजगी कंपन्या आणि कॉलेजंही उपग्रह सोडू लागली आहेत. वर जाणारी प्रत्येक कमांड खरंच मालकाकडून आली आहे हे उपग्रहानं तपासलं पाहिजे, आणि ते कसं तपासणार हे बघितल्याशिवाय इन-स्पेसनं (खाजगी उपग्रहांना परवानगी देणारी सरकारी संस्था) परवानगीच देऊ नये. पोरांच्या लहान उपग्रहालासुद्धा नाही.

विरोधी मतं हवीत. "छान लिहिलंय सर" नको.

भुसावळ_निवृत्त

छान लिहिलेलं नाही सर. घ्या विरोधी मत.

मी तीस वर्षं टेलिमेट्रीच्या, म्हणजे वरून येणारे आकडे बघायच्या खोलीत काढली. कुठल्या ते विचारू नका. रॉकेट आणि उपग्रह तुम्ही एकाच पोत्यात भरलेत, पण दोन्हींचं दुखणं वेगळं आहे. आपल्या पीएसएलव्ही रॉकेटचं काम वीसेक मिनिटांचं. त्यात मार्गदर्शन आतल्या आत चालतं, खालून कोणी स्टिअरिंग फिरवत नाही. आतला प्रोसेसर बाजारात मिळणारा नाही. विक्रम १६०१ हा आपल्याच लोकांनी केलेला १६ बिटांचा प्रोसेसर २००९ पासून इस्रोच्या रॉकेटांत आहे. त्या वीस मिनिटांत रॉकेटला मारतं ते हॅकर नव्हे, घरचाच माणूस.

युरोपच्या एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६. चाळीस सेकंदही झाले नव्हते. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या डब्यात कोंबायला गेले, तो मावला नाही, दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. पर्यायी यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर, म्हणून तीही त्याच दगडाला ठेचकाळली. आणि गंमत म्हणजे तो कोडचा तुकडा एरियन ४ वरून जसाच्या तसा उचललेला होता, उड्डाणानंतर त्याची गरजच नव्हती. कोणी शत्रू नाही, कोणी काळी टोपी नाही.

आपलं जीएसएलव्ही-एफ०६ घ्या, २५ डिसेंबर २०१०. कनेक्टर सुटले. संगणकाची आज्ञा खालच्या टप्प्यापर्यंत पोचेना. शेवटी सुरक्षेसाठी जमिनीवरून कमांड देऊन ते पाडावं लागलं. वायरीचा कनेक्टर! कॉलेजच्या उपग्रहाला आधी सोल्डरिंग नीट करायला शिकवा. कुलूपबिलूप नंतर.

देशभक्त_खान्देश

कनेक्टर सुटला की सोडवला? १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ फसलं. सीमेवर तणाव असताना नेमका टेहळणी करणारा उपग्रह घेऊन जाणारं रॉकेट पडतं? हे सगळं तुम्हाला योगायोग वाटतंय का? सरकार सांगणार नाही. डोळे उघडा.

भुसावळ_निवृत्त

डोळे उघडेच आहेत. तिसऱ्या टप्प्याच्या मोटरमधला दाब घसरला, हे इस्रोच्या अध्यक्षांनी त्याच दिवशी सांगितलं. ती मोटर घन इंधनाची. एकदा पेटली की पेटली. तिला ना व्हॉल्व्ह, ना थ्रॉटल. होळीतल्या गोवरीचा पासवर्ड चोरून तुम्ही आग कमी करू शकता का? मग सांगा, हॅकर काय फिरवणार होता?

पाटणादेवी_७

@देशभक्त, निवृत्त काकांशी बाकी बाबतीत भांडतोय, पण यात ते शंभर टक्के बरोबर आहेत. प्रत्येक अपयशाला 'हॅक' म्हटलं की खरा हॅक झाला त्या दिवशी कोणी मान वर करून बघणार नाही.

@भुसावळ_निवृत्त काका, तुमच्याच तोंडून तुम्हाला पकडतो. एफ०६ ला "जमिनीवरून कमांड देऊन पाडावं लागलं" म्हणालात. म्हणजे रॉकेटमध्ये एक रेडिओ रिसीव्हर कान टवकारून बसलेला असतो, कोणीतरी 'फूट' म्हणेल म्हणून. मग 'खालून कोणी काही करू शकत नाही' हे कसं? अमेरिकेत त्या कमांड सांकेतिक भाषेतच जातात. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटनं २०१७ पासून तो रिसीव्हरच काढला, आता रॉकेट स्वतः ठरवतं. पण ते ठरवतं कशावर? जीपीएस आणि आतले सेन्सर यांवर. आणि नागरी जीपीएसचा सिग्नल उघडा आहे, खोटा तयार करता येतो. एका खिडकीला गज बसवले तर दुसरी उघडली. रॉकेटमधले भाग एकमेकांशी ज्या वायरीवरून बोलतात त्या १५५३ बसचंही तसंच. ही रचना १९७० च्या दशकातली, तिच्यावर कोण बोलतंय याची ओळख विचारायची सोयच नाही. एक भाग बाहेरच्या पुरवठादाराकडून आला आणि त्यात खोट असली तर बाकीचे सगळे त्याचं ऐकणार.

भुसावळ_निवृत्त

त्या रिसीव्हरबद्दल इथं एक अक्षर लिहिणार नाही. तुम्हीही लिहू नका.

थर्ड_इयर_ईएनटीसी

काका, सॉरी, पण हाच तर प्रॉब्लेम आहे. "बोलू नका" म्हणजे सुरक्षा झाली का?

सरांना माहीत आहे, आमची टीम गच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना लावून एनओएए-१९ या अमेरिकेच्या हवामान उपग्रहाची चित्रं उतरवायची, १३७.१ मेगाहर्ट्झवर. खर्च काही हजार रुपये, त्यातला निम्मा आरटीएल-एसडीआर डोंगलचा (लॅपटॉपला लावायचा रेडिओ रिसीव्हर). पहिल्यांदा ढगांच्या रेघा उमटत गेल्या आणि खाली गुजरातचा किनारा दिसला तेव्हा वॉचमन काकापण खुर्ची सोडून आले होते. कुलूप नव्हतं म्हणूनच शिकलो ना? ऑगस्ट २०२५ मध्ये तो उपग्रह बंद केला, त्या दिवशी आमच्या ग्रुपवर सुतक होतं.

सर, तुमची अट लागू झाली तर कॉलेजांचे उपग्रह कागदावरच राहतील. परवानगीचे फॉर्म भरायला एक सेमिस्टर, ते सुरक्षेचं ऑडिट करायला दुसरं. पास होऊन आम्ही पुण्याला नोकरीला. शिवाय हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय नियमात संदेश लपवायला बंदीच आहे.

पाटणादेवी_७

नियम पूर्ण वाच रे बाबा, परीक्षेसारखा अर्धा प्रश्न सोडवू नकोस. त्याच कलमात अपवाद आहे: जमिनीवरच्या नियंत्रण केंद्रातून हौशी उपग्रहाला जाणाऱ्या कमांडना ती बंदी लागू नाही. खाली येणारं चित्र उघडंच राहू दे, जगानं बघावं. मी वर जाणाऱ्या कमांडबद्दल बोलतोय. दोन्हींत तुझी गल्लत होतेय.

आणि नासासुद्धा यातून सुटलेली नाही. लँडसॅट-७ च्या बाबतीत २००७ आणि २००८ मध्ये दोनदा, प्रत्येकी बारा किंवा जास्त मिनिटं ढवळाढवळ झाली. टेरा उपग्रहाच्या बाबतीत २००८ मध्ये दोनदा. अमेरिकी संसदेच्या आयोगाच्या २०११ च्या अहवालात म्हटलंय की टेराच्या वेळी त्या अज्ञातानं कमांड द्यायच्या सगळ्या पायऱ्या पार केल्या होत्या. फक्त कमांड दिली नाही. दारात उभा राहून, कडी काढून, परत गेला. मला सगळ्यात जास्त भीती त्या परत जाणाऱ्याची वाटते.

साक्रीचा_पंखा

काय भो, पवनचक्क्यासना विषय शे आनि माले कोनी ईचारं नही!

(पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर नाशिकच्या पलीकडच्यांना सबटायटल लागतील.)

सरांनी व्हायासॅटचं सांगितलं, पण मधलाच भाग गाळला. त्या दिवशी जर्मनीत एनरकॉनच्या ५,८०० पवनचक्क्यांचा दूरवरून देखरेखीचा संपर्क तुटला. मी साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेलच्या बाजूच्या डोंगरावर पंख्यांच्या देखभालीचं काम करतो. आम्ही 'टर्बाइन' म्हणत नाही, पंखाच म्हणतो. ती बातमी आमच्या साईटवर आली तेव्हा चहावर मोठी चर्चा झाली होती.

त्यात खरं काय ते ऐका. त्यातला एकही पंखा थांबला नाही. प्रत्येकाच्या बुडाशी त्याचा स्वतःचा कंट्रोलर असतो, वारा वाढला तर पाती वळवायची, फार वाढला तर थांबायचं, हे तो कोणाला न विचारता करतो. वीज तयार होतच राहिली. गेलं ते फक्त ऑफिसातल्या साहेबाला दिसणं. म्हणून मला सरांचं अर्धंच पटलं. आभाळ कोसळल्यासारखं लिहू नका.

पण दुसरी बाजूही सांगतो, कारण ती आमच्याच पाठीवर पडते. लिंक गेली की पंखा फिरतोय का, गिअरबॉक्सचं तापमान किती, हे बघायला माणूस लागतो. पावसाळ्यात त्या डोंगरावर जीप अर्ध्यात सोडून चालत जायचं, मग शिडीनं वर चढायचं. एका दिवसात किती पंखे होतील? चार? पाच? ५,८०० म्हणजे विचार करा. शिवाय पंधरा-पंधरा मिनिटांचा विजेचा अंदाज भार प्रेषण केंद्राला द्यावा लागतो, तो चुकला की दंड. डेटाच नाही तर अंदाज कुठून देणार, पंचांगातून?

म्हणजे हल्ला करणाऱ्यानं मोडेम मारला युक्रेनच्या फौजेला अडवायला, आणि घाम निघाला जर्मनीतल्या कोणा पंखेवाल्याचा. माझ्यासारख्याचा. हे मात्र मनाला लागलं.

भुसावळ_निवृत्त

हे कामाचं बोललात. पंखा का थांबला नाही? कारण त्याची अक्कल त्याच्याजवळच होती. दूरच्या माणसावर अवलंबून नव्हती. हेच मी म्हणतोय. यंत्र असं करा की संपर्क गेला तरी ते मरू नये.

आता सरांच्या 'कमांड तपासा' कडे येतो. माझा खरा विरोध इथं आहे, आतापर्यंत नुसती कुस्तीआधीची माती अंगाला लावली.

समजा उपग्रह गरगर फिरायला लागला. सौर पॅनेल सूर्याकडून वळली, बॅटरी उतरतेय. तुमच्या ग्राउंड स्टेशनवरून तो जेमतेम दहा मिनिटं दिसणार, त्यातही अँटेना फिरत असल्यानं सिग्नल तुटक. अशा वेळी त्याला एक कमांड पोचवायची असते, कशीही. त्यात तुम्ही वर तपासणी ठेवलीत. वैश्विक किरणांनी मेमरीतला एक बिट उलटला, मालक ओळखायची गुप्त किल्ली बिघडली. किंवा कमांडचा क्रमांक जमिनीवर ४१२ आणि वर ३९०. आता मालक खालून ओरडतोय 'अरे मी मालक', आणि उपग्रह म्हणतोय 'तू कोण?' घराला कुलूप लावून किल्ली आत विसरल्यासारखं. फरक एवढाच की ५०० किलोमीटर वर किल्लीवाला जात नाही. जुनी माणसं वरची वाट उघडी का ठेवायची? ती बावळट नव्हती. चोर येईल न येईल, उपग्रह बिघडणार हे नक्की. ज्याची खात्री आहे त्याचा बंदोबस्त आधी.

हॅकरनं मारलेले उपग्रह दाखवा मला. मालकाच्या चुकीनं मेलेले मी डझनानं दाखवतो.

रावेर_केळीबाग

मी शेतकरी माणूस. अर्धं डोक्यावरून गेलं. पण सरांना एक विचारतो. आमची केळी गाडीत भरली की गाडी उघडी असते. ताडपत्रीखाली काय आहे ते टोलवरच्या पोरालापण माहीत. केळीत काय लपवायचं? पण दिल्लीच्या मंडीत गाडी खाली करायची तर बिल्टी लागते, तिच्यावर सही लागते. सही नसली तर माल उतरत नाही. तुम्ही म्हणता ते असंच ना? गाडी झाकायची नाही, बिल्टी बघायची.

पाटणादेवी_७

दादा, मी वर्गात चाळीस मिनिटं जे समजावतो ते तुम्ही पाच ओळींत बसवलंत. तंतोतंत तेच. कमांड गुप्त ठेवायची गरज नाही, तिच्यावर सही हवी. जगभरातल्या अंतराळ संस्थांनी मिळून केलेल्या सीसीएसडीएसच्या मानकांतही ही सोय आहे, मजकूर उघडा ठेवून फक्त सही जोडायची.

रावेर_केळीबाग

पण बिल्टी हरवली तर गाडी पाच दिवस मंडीत उभी राहते आणि केळी काळी पडते, तेही सांगा की. माझी पडली आहे.

भुसावळ_निवृत्त

😂 दादा तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?

रावेर_केळीबाग

केळीच्या.

वकीलताई_धुळे

तांत्रिक भाग तुम्ही बघा. मी विचारते, उद्या एखाद्या कॉलेजच्या उपग्रहाचा ताबा कोणी परक्यानं घेतला आणि त्यानं दुसऱ्या देशाच्या उपग्रहाचं नुकसान केलं, तर नोटीस कोणाला येणार? कॉलेजला नाही, विद्यार्थ्याला नाही. १९६७ च्या बाह्य अंतराळ कराराच्या सहाव्या कलमाप्रमाणे खाजगी संस्थांच्या उद्योगांची जबाबदारीही त्या त्या देशाची. १९७२ च्या दायित्व करारात तर जमिनीवर काही पडून नुकसान झालं तर चूक कोणाची हे विचारायचंच नाही, उपग्रह सोडणाऱ्या देशानं भरपाई द्यायची. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ कॅनडात पडला, त्याचे ३० लाख कॅनेडियन डॉलर मोजावे लागले होते.

म्हणजे 'पोरांचा प्रकल्प आहे, जाऊ द्या' म्हणता येत नाही. सही भारत सरकारची आहे, तर अट घालायचा हक्कही सरकारचाच. आपल्याकडे २०२३ चं अंतराळ धोरण आहे, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. तिजोरीतून पैसे गेल्यावर ते नेमके कोणाकडून वसूल करायचे, हे धोरणात वाचून सापडत नाही.

पाटणच्या शिलालेखात, शके ११२८ च्या, भास्कराचार्यांच्या मठासाठी कोणत्या घाण्यामागे किती तेल द्यायचं तेसुद्धा कोरून ठेवलेलं आहे. धागाकर्त्यानं पाटणादेवीचं नाव घेतलंय म्हणून आठवलं, बाकी काही नाही.

थर्ड_इयर_ईएनटीसी

ताई, मग हेही सांगा. समजा मला कोणाच्या तरी ग्राउंड स्टेशनमध्ये भोक सापडलं. शोधत नव्हतो, सापडलं. मी कळवलं तर बक्षीस मिळेल की पोलीस?

युरोपची अंतराळ संस्था एसानं २०२३ मध्ये स्वतःचा ऑप्स-सॅट उपग्रह लोकांपुढे ठेवला, 'या, फोडून दाखवा' म्हणून. थालेस कंपनीच्या टीमनं आत शिरून त्यातली चित्रंसुद्धा बदलून दाखवली. त्याच वर्षी अमेरिकेनं मूनलायटर नावाचा उपग्रह फक्त हॅक करून बघण्यासाठी सोडला, पाच संघ भिडले, इटलीचा जिंकला. जर्मनीत रुर विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन लहान उपग्रहांचं सॉफ्टवेअर तपासलं आणि जुन्या काळच्या, कोणीही ओळखेल अशा चुका बाहेर काढल्या. ते लोक कॉन्फरन्समध्ये टाळ्या घेतात. इकडे मी नुसता डोंगल घेऊन गच्चीवर गेलो तर एका सरांनी विचारलं होतं, 'हे कायदेशीर आहे ना?' (आपले सर नाही, दुसरे.)

वकीलताई_धुळे

खरं उत्तर आवडणार नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ती यंत्रणा कलम ७० खाली 'संरक्षित' म्हणून जाहीर झालेली असली तर दहा वर्षांपर्यंत. त्यामुळे आत पाऊल टाकू नकोस. दार उघडं दिसलं तर दारातूनच सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) लेखी कळव, आणि पोच जपून ठेव. पोच महत्त्वाची.

देशभक्त_खान्देश

इस्रोवर रोज शंभर सायबर हल्ले होतात हे इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ सरांनी खुद्द सांगितलंय. यावर निवृत्त काका गप्प का?

भुसावळ_निवृत्त

गप्प नाही, जेवत होतो. भरीत होतं.

हो, ऑक्टोबर २०२३ मध्ये कोचीच्या परिषदेत ते शंभरहून अधिक म्हणाले होते. हल्ला म्हणजे काय ते आधी समजून घ्या. दिवसभरात तुमच्या दारावरून शंभर भंगारवाले ओरडत गेले म्हणजे शंभर दरोडे पडले असं होत नाही. त्यातला एखादा खरंच कडी हलवून बघतो. त्याच्यासाठी पहारा आहे. तो आकडा सांगून त्यांना घाबरवायचं नव्हतं, पहारा आहे हे सांगायचं होतं, असं मला वाटतं.

पाटणादेवी_७

काका, किल्ली आत विसरण्याचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. मान्य करतो, माझ्या मूळ पोस्टमध्ये त्याचा विचारच नव्हता. वर्गात सर्व्हर डोळ्यांपुढे असतो, बिघडला तर बटण दाबून रीस्टार्ट. वर बटण दाबायला कोणी नाही हे मी पुस्तकातून शिकवतो, तुम्ही ते भोगलंय.

पण त्यावर तोड आहे. किल्ली एक नाही, आठ-दहा आधीच भरून ठेवायच्या, प्रत्येकीच्या तीन-तीन प्रती, दोन जुळल्या की ती खरी. क्रमांक थोडा पुढे गेला तरी चालेल एवढी मोकळीक द्यायची. आणि ठरावीक तास मालकाचा आवाज ऐकू आला नाही तर उपग्रहानं स्वतःच सुरक्षित अवस्थेत जाऊन मोजक्या पाच-सहा कमांड सहीशिवाय स्वीकारायच्या: ट्रान्समीटर चालू कर, संगणक पुन्हा सुरू कर, एवढंच. इंजिन पेटवणं त्यात नाही.

भुसावळ_निवृत्त

म्हणजे मागचं दार ठेवलंतच की! चोराला आता फक्त एवढंच करायचंय, की मालकाचा आवाज तेवढे तास पोचू द्यायचा नाही. जोरदार ट्रान्समीटर लावून गोंगाट केला की झालं. मग उपग्रह आपणहून कुलूप काढून बसणार.

पाटणादेवी_७

पण उघडणार फक्त ओसरी. माजघराला कुलूप राहीलच. 'संगणक पुन्हा सुरू कर' एवढंच हातात आलं तर चोर त्रास देईल, मालक होणार नाही.

भुसावळ_निवृत्त

दर फेरीला संगणक पुन्हा सुरू करत बसला तर तुमचा कॅमेरा एक तरी चित्र काढेल का?

पाटणादेवी_७

…नाही.

ठीक आहे. पण मग तुमचा उपाय काय? उघडंच ठेवायचं?

भुसावळ_निवृत्त

ज्या उपग्रहाला इंजिन आहे, जो जागा सोडून दुसऱ्याच्या अंगावर जाऊ शकतो, त्याला सही सक्तीची करा. तिथं मी तुमच्याबरोबर, वकीलताईंचं ऐकल्यावर तर नक्कीच. पोरांच्या डब्याला इंजिन नसतं. तो गेला तर त्यांचा गेला. त्यांना उघडं सोडू द्या, चुकू द्या, फार तर कोणी त्यांची चेष्टा करेल.

पाटणादेवी_७

नाही पटत. पोरं जी सवय लावून घेतात तीच घेऊन पुढे कंपनीत जातात. एरियन ४ चा कोड एरियन ५ मध्ये कसा गेला ते तुम्हीच सांगितलंत. बिनकुलपाचा कोड असाच उचलून इंजिन असलेल्या उपग्रहात जाईल, आणि तेव्हा कोणाला आठवणार नाही की तो कॉलेजच्या डब्यासाठी लिहिलेला होता.

भुसावळ_निवृत्त

हं. एरियनचा बाण माझ्याच भात्यातला काढून मारलात.

तरी पण पोरांना अट नको. शिकवा, अट नको. सेमिस्टरला एक तास मला द्या, मी येऊन सांगतो. भुसावळहून पॅसेंजरनं येईन, मानधन नको.

थर्ड_इयर_ईएनटीसी

काका या! गच्चीवर अँटेना अजून आहे. आता रशियाचे मेटिओर हवामान उपग्रह पकडतो.

साक्रीचा_पंखा

दोन दिवस रेंज नव्हती. तुमची कुस्ती एका दमात वाचून काढली.

यावरून एक उद्योग केला. आमच्या सबस्टेशनच्या खोलीत डेटा पाठवणारा जो राउटर आहे त्याचा पासवर्ड बघितला. बघितला म्हणजे काय, राउटरवरच चिकटपट्टी लावून लिहिलेला होता. कंपनीचं नाव आणि पुढे १२३. आठ वर्षांपासून तोच. चहावाल्या पोरालासुद्धा पाठ.

काल दुपारी बदलून टाकला. लांबलचक, अहिराणीत, आईच्या शिव्या जोडून केला, म्हटलं हा रशियाच्या बापाला सापडायचा नाही.

आज सकाळपासून पुण्याच्या ऑफिसातून सतरा फोन. त्यांना एकही पंखा दिसत नाहीये. आणि मी जो पासवर्ड टाकला त्यात कोणती शिवी आधी होती ते मलेच याद नही भो.

भुसावळ_निवृत्त

पंखे फिरताहेत ना?

साक्रीचा_पंखा

फिरी ऱ्हायनात ना काका, जोरमा. वर चढीसन देखी उनू.